लांबीच्या मानाने जड मासे

शिगेनोने टोपलीतला पहिला मासा उचलला आणि तिचा हात नको तेवढा खाली गेला. बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. पण नदीवरची माणसं सकाळी आयू मासे घेऊन हागिनोया खानावळीच्या मागच्या दाराशी यायची, ते मासे मोजून, निवडून घ्यायचं काम ती लग्नाआधीपासून करत आली होती. आपला हात कधी आणि कशाने खाली जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या सकाळी तिच्या हाताची काही चूक झाली नाही. चूक झाली ती नंतर, तो हात काय सांगतोय हे समजून घेताना.

मोजायची फळी तिच्या वडिलांनी केलेली होती. चेरीच्या लाकडाची, वापरून वापरून काळी पडलेली. माशाचं तोंड एका टोकाला टेकवायचं आणि शेपटी कुठल्या खाचेशी येते ते बघायचं. पहिल्या खाचेचे तळायला, मधल्या खाचेचे शिगेवर भाजायला, शेवटच्या खाचेचे वरच्या मजल्यावर बसणाऱ्या, गिफू शहराहून मोटारीने येणाऱ्या पाहुण्यांसाठी. वडील नदीवर मासे धरायचे. ते सांगायचे की मासा लांबीत वाढतो तसा रुंदीतही वाढतो आणि जाडीतही, म्हणून दुप्पट लांबीचा मासा दोन माशांएवढा नसतो, आठ माशांएवढा असतो. लहानपणी तिला ही थाप वाटली होती. मग एकदा त्यांनी तराजूच्या एका पारड्यात एक मोठा मासा ठेवला, दुसऱ्यात त्याच्या निम्म्या लांबीचे आठ टाकले, आणि काटा मधोमध उभा राहिला. तेव्हा टाळ्या पिटायच्या ऐवजी ती आईच्या मागे जाऊन लपली होती. पाण्याखाली, कुणी बघत नसताना, इतके मासे हा हिशेब पाळत असतील तर त्यांना आणखी काय काय कळत असेल, असं काहीसं तिच्या मनात आलं होतं.

पुढे तो हिशेब तिच्या तळहातात उतरला. वसंतात मासा लांबीच्या मानाने हलका, भर उन्हाळ्यात शेवाळ खाऊन भरलेला, शरदात माद्या अंड्यांनी जड, आणि अंडी घातल्यावर चिंधीसारखा. ऋतूबरोबर तिचा हात आपोआप बदलायचा. आत्ता ऑगस्टची सुरुवात होती. अंड्यांचे दिवस अजून लांब होते.

आणि हे मासे तिच्या मुलाचे होते.

"काय गं आई, फळीवर ठेव की. हातात धरून काय बसलीस?" योशितो म्हणाला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. काल भिजलेले पायातले गवती जोडे अजून वाळले नव्हते.

"कुठले हे?"

"वरच्या घळीतले. ओनिगामातले. काल अंधार पडेपर्यंत होतो तिथे."

पायरीवर क्यूझो आजोबा बसले होते. त्यांचे मासे मोजून झाले होते. ते खालच्या उथळ पाण्यात गळ टाकायचे, आणि मोजणी झाली की चहा मिळेपर्यंत हलायचे नाहीत. ते हसून म्हणाले, "पोरा, घाई करू नकोस. तुझी आई माझ्या माशांना एवढा वेळ देत नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"तुमच्याकडे बघण्यासारखं काय उरलंय, आजोबा?" योशितो म्हणाला.

शिगेनो हसली नाही. तिने दुसरा मासा उचलला, मग तिसरा. सगळे मधल्या खाचेचे आणि सगळेच जड. शेवटी तिने कोपऱ्यातला तराजू ओढला. एका पारड्यात क्यूझो आजोबांचा मासा ठेवला, दुसऱ्यात त्याच खाचेचा योशितोचा. योशितोचं पारडं खाली गेलं आणि तिथेच थांबलं.

खालच्या गावात गेल्या वर्षी आयूची तळी झाली होती. तिथे माशांना गोळ्या चारायचे. ते मासे नदीच्या माशाएवढेच लांब व्हायचे, पण अंगाने सुटलेले, जड. मागच्या हंगामात एकाने नदीच्या माशांत तळ्यातले मिसळून विकले होते. आता त्याच्या टोपलीला या खोऱ्यात कुणी हात लावत नव्हतं. त्या तळ्यांवर रेन्झो नावाचा पोरगा कामाला होता. तो योशितोच्या वर्गातला होता, आणि आठवड्यापूर्वीच दोघांना पुलावर सिगारेट ओढताना तिने पाहिलं होतं.

"हे नदीचे नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"तळ्यातले आहेत. रेन्झोकडून आणलेस?"

पायरीवर क्यूझो आजोबांचं हसू मावळलं. आतून मालकीणबाई, नोबुए, डोकावल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

योशितोने एक मासा उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हा कल्ल्यामागचा पिवळा ठिपका बघ. शेपटीची धार बघ. वास घे. काकडीसारखा वास येतोय की नाही? तळ्यातल्या माशाला येतो असा?"

ठिपका पिवळाधमक होता. वासही येत होता. तिला ते दिसत होतं आणि तरी ती म्हणाली, "मग तराजू खोटं बोलतो का?"

"तराजू नाही, तू खोटं बोलतेस. मी नदीवर जाऊ नये एवढंच तुला हवंय. गिरणी सोडून आलो त्या दिवसापासून तू निमित्त शोधतेयस."

यात खोटं काही नव्हतं. नवरा गेल्यावर तिने या एकुलत्या एका मुलाला मुद्दाम इचिनोमियाच्या कापडगिरणीत धाडलं होतं, नदीपासून लांब. तिथल्या यंत्रांना निदान कुंपण होतं. तो दोन हंगामांत परत आला आणि माळ्यावरून तिच्या वडिलांचा लांबलचक बांबूचा गळ खाली काढला. तेव्हापासून तिला सलग झोप नव्हती. पण आजचं कारण ते नव्हतं. पोराचे मासे आई डोळे झाकून घेते, असं कुणी म्हणू नये म्हणून त्याच्या टोपलीला ती इतरांपेक्षा कडक हात लावायची. हे त्याला सांगावं असं तिला वाटलं, पण सगळ्यांसमोर शब्द फुटला नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. नदीतले मासे अंगावर धावून यावेत म्हणून दोरीला बांधून सोडायच्या, भुलवणीच्या जिवंत माशांची बादली त्याने उचलली. "आज परत तिथेच जातो. भर धारेत, मोठ्या खडकाजवळ उभा राहीन. वाटलं तर येऊन बघ, कोण कुठून मासे काढतो ते. संध्याकाळी तराजू पुसून ठेव."

रोज तो निघाला की ती म्हणायची, दुपारच्या आत ये रे. तो "हो हो" म्हणायचा आणि यायचा नाही. त्या दिवशी ती काही बोललीच नाही. बादलीतलं पाणी हिंदकळत गेल्याचा आवाज वाटेच्या वळणापर्यंत आला आणि थांबला.

सकाळ फार उजळ होती. नदी आटून इतकी नितळ झाली होती की तळाचे दगड कोरडे वाटत. वारा नव्हता. बंधाऱ्यावर रोज एका पायावर उभा असणारा राखी बगळा त्या दिवशी नव्हता. शिगेनोने दोनदा मान वर करून पाहिलं. एरवी तिने त्या बगळ्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

ती शिगा भरायला बसली. आयूच्या तोंडातून शीग घालून अंग असं वळवायचं की भाजल्यावर मासा अजून धारेविरुद्ध पोहतोय असं दिसावं. आयूचं पोट चिरत नाहीत. आतलं शेवाळाचं कडवट आतडं, तीच खरी चव, त्यासाठीच पाहुणे एवढ्या लांबून येतात. मासा धुवायचा, मीठ लावायचं, अखंड निखाऱ्याशी उभा करायचा. नाकारलेली टोपली कोपऱ्यात झाकून ठेवली होती आणि तिच्याकडे पाठ करून ती काम करत होती.

"शिगेनो-सान, पोटच्या पोराला असं चारचौघांत बोलतात का?" नोबुए म्हणाल्या.

"चारचौघांत नाही बोलले तर लोक म्हणतील, पोराचं झाकून घेते."

"घेतेस का?"

"नाही."

"मग म्हणू दे की लोकांना. लोकांना पण काहीतरी काम नको?"

शिगेनोच्या हातातली शीग वाकडी गेली. तिने ती काढली आणि पुन्हा घातली.

जेवायची वेळ झाली तेव्हा नोबुएंनी स्वतःच ती टोपली उघडली. "फेकायचे थोडेच आहेत? पाहुण्यांना नकोत तर आपण खाऊ. आणि खाऊनच बघ ना तू. पोट कडू लागलं तर नदीचा, नुसतं तेलकट लागलं तर तळ्यातला. एका घासात निकाल. तराजू कशाला हवा?"

हे आपल्याला सकाळीच का सुचलं नाही, या विचाराने शिगेनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने काही मासे निखाऱ्याशी लावले. कातडी फुगली, मीठ पांढरं झालं. क्यूझो आजोबा आपला डबा घेऊन पायरीवरच जेवत होते. तेही निकाल ऐकायला कान देऊन होते.

तिने पोटाचा चावा घेतला.

कडू. स्वच्छ, हिरवं, दगडावरच्या शेवाळाचं कडू. क्षणभर तिचे डोळे भरून आले. पोरगं खोटं बोललं नव्हतं. तो आला की काय म्हणायचं, कसं म्हणायचं, त्याच्या आवडीचं काय रांधायचं, इथवर तिचं मन जाऊन पोचलं.

मग दाताखाली काहीतरी करकरलं.

तिने घास तळहातावर काढला. काळ्या वाळूचे बारीक कण होते. चॉपस्टिकने तिने उरलेलं पोट उघडलं. आतडं वाळूने गच्च भरलं होतं, एखादी पिशवी शिवावी तसं. तिने शेजारचा मासा फोडला. त्यातही तेच. मग ती टोपलीपाशी गेली, सुरी घेतली आणि एका कच्च्या माशाचं पोट आयुष्यात पहिल्यांदा चिरलं. बोटाला वाळू लागली.

"नीट धुतले नाहीत वाटतं," नोबुए म्हणाल्या.

"वाळू आत आहे, बाई," क्यूझो आजोबा पायरीवरून म्हणाले. ते कधी उठले, कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. "शिगे, तुझा बाप सांगायचा ना?"

तिला आठवत होतं. मोठं पाणी येणार असलं की मासा वाळू गिळतो. अंग जड करतो, तळाला धरून राहता यावं, वाहून जाऊ नये म्हणून. लहानपणी ऐकलेलं, थंडीत शेगडीभोवती बसून सांगायचं असतं त्यातलं एक. कुणी पाहिलेलं नव्हतं. पाहणार कसं? आयूचं पोट कुणी चिरतच नाही. आणि वर घळीत राहणाऱ्या माशाला डोंगरातलं पाणी खालच्यांपेक्षा आधी कळणार, म्हणून क्यूझो आजोबांचे मासे हलके आणि योशितोचे जड. सकाळपासून हे तिच्या तळहातात पडून होतं.

"अहो, पण ऊन पडलंय कडकडीत!" नोबुए म्हणाल्या. "आभाळात ढग तरी आहे का?"

"इथे नाही," आजोबा म्हणाले आणि वरच्या डोंगरांकडे बघू लागले. तिथे कड्यांच्या मागे, फार लांब, शाईची बाटली पालथी व्हावी तसं काहीतरी होतं.

नोबुएंनी वरच्या वाडीला फोन लावला. तारेत नुसती खरखर होती. आजोबा खालच्या पात्रातल्या लोकांना हाका मारायला निघाले. शिगेनो तोवर वाटेला लागली होती, स्वयंपाकाचं पुढचं कापड कमरेला बांधलेलंच, हातात सुरी. सुरी आपल्या हातात आहे हे तिला वळणावर कळलं. तिने ती दगडावर ठेवली आणि पळत सुटली.

वाट नदीच्या कडेने चढत जाते. पाणी अजून वाढलेलं नव्हतं, पण त्याचा वास बदलला होता. कुजक्या पानांचा, खणलेल्या मातीचा वास. थोड्या वेळाने पाण्यावर पाईनच्या सुया दिसू लागल्या, मग सालीचे तुकडे, मग मुळासकट उपटलेलं एक हिरवं नेचं. आणखी पुढे नितळ पाण्यात तपकिरी रेघ होती, पांढऱ्या कपात चहाची पत्ती सुटावी तशी. पाखरू ओरडत नव्हतं. तिच्या छातीत दुखत होतं आणि ती सारखी तेच म्हणत होती, दुपारच्या आत ये रे, दुपारच्या आत ये.

ओनिगामाच्या कड्यावर पोचून तिने खाली पाहिलं. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, मध्ये घुमणारं पाणी, आणि मोठ्या खडकाजवळ मांडीभर पाण्यात योशितो. समोर तो लांब बांबू, निश्चल. बाहेर पडायची एकच जागा होती, काठच्या कातळात ठोकलेली साखळी.

"योशितो! वर ये! वर!"

घळीने तिचा आवाज गिळून टाकला. तिने कमरेचं कापड सोडून हलवलं. त्याने मान वर केली. त्याला आई दिसली. ती बघायला आलीय, पहारा करायला आलीय, असंच त्याला वाटणार होतं आणि तसंच वाटलं. त्याने गळ उचलला. दोरीला भुलवणीचा मासा होता आणि त्याच्यावर चाल करून आलेला दुसरा, आकड्यात अडकलेला. त्याने दोन्ही मासे तिच्या दिशेने उंच धरले, जाळीत टाकले आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

तिने आणखी हाका मारल्या. त्याची पाठ हलली नाही. लहानपणी रुसला की असाच बसायचा, भिंतीकडे तोंड करून, आणि कितीही समजावलं तरी वळायचा नाही. तेव्हा एकच उपाय चालायचा. ती पडल्याचं किंवा भाजल्याचं नाटक करायची.

साखळी धरून ती खाली उतरली. पाण्यापाशी आल्यावर थांबली नाही. ती नदीकाठी जन्मली, नदीवर जेवली, पण तिला पोहता येत नव्हतं, आणि योशितोला ते माहीत होतं. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं. उन्हाळ्याचं नव्हतंच ते पाणी, इतकं थंड होतं. आणखी दोन पावलांवर तिच्या पायाखालचा दगड फिरला. ती कमरेपर्यंत गेली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यात नाटक काहीच नव्हतं.

तो आवाज त्याला ऐकू गेला.

त्याने वळून पाहिलं आणि तिच्या वडिलांचा बांबू हातातून सोडून दिला. धार तुडवत, अडखळत तो आला आणि त्याने तिला काखेत धरलं. "वेड लागलंय का तुला? काय चाललंय तुझं?"

"वर," ती म्हणाली. "आधी वर. मग बोल."

"अगं, माझा गळ..."

"वर!"

त्याने तिला साखळीवर पुढे घातलं. निम्मं चढून झालं असेल तेव्हा कड्याला धरलेल्या हातांना थरथर जाणवली. आवाज पाण्याचा नव्हता. तळाशी मोठमोठे दगड एकमेकांवर आपटत येत होते. मग वळणावरून पाणी आलं, मातीच्या रंगाचं, पुढे झाडं घेऊन. योशितो जिथे उभा होता तो खडक बुडायला एक श्वासही लागला नाही. शेवटचे काही हात त्याने तिला वर ढकललं की तिने त्याला ओढलं, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नाही.

वर ऊन होतं. दोघं गवतात पडून होती. त्याचे ओठ निळे पडले होते.

"कसं कळलं तुला?" त्याने विचारलं.

"माशांच्या पोटात वाळू होती. म्हणून जड होते."

तो खालच्या पाण्याकडे बघत राहिला. "म्हणजे नदीचेच होते."

"नदीचेच होते. तू सांगत होतास ते खरं होतं."

तिने त्याच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला, चालायला लागलेल्या मुलाचा धरतात तसा, आणि खानावळीपर्यंत सोडला नाही. वाटेत माणसं भेटली. त्यांनी पाहिलं. त्यानेही हात झटकला नाही.

गावात पाऊस संध्याकाळी पोचला. खालचा पूल गेला. क्यूझो आजोबांनी ज्यांना हाका मारल्या ते सगळे वर आले होते. पण तळी नदीला लागून होती, आणि त्यांची दारं उघडायला गेलेला रेन्झो पुन्हा कुणाला दिसला नाही. पाणी ओसरल्यावर भातशेतांत जिकडेतिकडे तळ्यातले मासे पडले होते, लठ्ठ, पांढऱ्या पोटाचे. ते कुणी उचलले नाहीत. रेन्झोच्या आईच्या दाराशी शिगेनो तीनदा गेली. त्या सकाळी सगळ्यांसमोर आपण त्याचं नाव घेतलं होतं, हे सांगायला. तिन्ही वेळा ती बाहेरूनच परत आली.

योशितोने नदी सोडली नाही. पुढच्या हंगामात त्याने नवा गळ केला. तिने त्याला गिरणीची आठवण करून दिली नाही. मात्र रोज सकाळी, फळी मांडायच्या आधी, ती त्याच्या टोपलीतला वरचाच एक मासा उचलायची आणि त्याचं पोट चिरायची. नोबुए कुरकुरायच्या. चिरलेला मासा शिगेवर पोहत नाही, पाहुण्यांना काय दाखवायचं? शिगेनो म्हणायची, हा माझ्या जेवणातला धरा. ती बोट आत घालून चाचपायची. तोवर योशितो चौकटीला टेकून उभा राहायचा, बादली हातात, घाई न करता. मग ती बोटं फडक्याला पुसायची आणि म्हणायची, जा.

ढगाळ दिवशी तिला एक मासा पुरायचा. आभाळ जितकं स्वच्छ, तितके जास्त मासे ती चिरायची.